खांद्यावरचा हात

नोकरी शोधायच्या त्या साइटवर फोटो लागतो, आणि नेवेनाकडे एकटीचा धड फोटो नव्हता. लग्न झालेल्या बाईचे फोटो निघतात ते कुणाच्या तरी शेजारी उभी असतानाच. शेवटी लेकीच्या बाप्तिस्म्यातला एक तिने निवडला. त्यात शेजारी कूम रादिशा उभा होता. नेवेनाने त्याला कापून टाकलं. त्याचा हात तेवढा तिच्या खांद्यावर राहिला. तो काढायचा तर खांदाही गेला असता.

कूम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहणारा आणि पुढे पोरांना नाव देणारा माणूस; तो त्या घरच्या बाईला कुमा म्हणतो. वर देव आणि खाली कूम, असं त्यांच्या उझित्से गावात म्हणतात. त्यातल्या देवाशी निदान भांडता येतं. रादिशाचं टाइल्सचं दुकान होतं. नेवेनाच्या नवऱ्याचा, मिलोयेचा, कारखाना बंद पडला त्याच आठवड्यात रादिशाने नेवेनाला गल्ल्यावर बसवलं. त्याला नऊ वर्षं झाली. तिचं शिक्षण घरं आखायचं. आता ती गिऱ्हाइकांची न्हाणीघरं पावतीच्या पाठीवर काढून द्यायची, आणि गिऱ्हाईक ती घडी करून खिशात घालायचं. रादिशा वाईट नव्हता. वाईट असता तर तिने कधीच काम सोडलं असतं.

नोव्ही साद शहरातल्या एका कंपनीला साइटवरचे तिचे तीन आराखडे आवडले. घरबसल्या काम, फक्त आखायचं. तिथल्या बाईंनी लिहिलं, "सोमवारी दहाला बोलू. पक्कंच समजा." नेवेनाला तो निरोप तोंडपाठ झाला. होकार हातात आला की कुमाला समोर बसून सांगायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी संत निकोलाचा सण आला. तो घराण्याचा संत. त्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं, यायचं त्याने यायचं. दुपारी सर्वांत आधी रादिशाच आला. संताच्या मेणबत्तीपुढे क्रूसाची खूण केली, पावाला ओठ लावले आणि मानाच्या खुर्चीवर बसला.

"कुमा," नेवेना मासे वाढायला वाकली तसा तो म्हणाला, "मालवाल्याने मला परवा त्या नोकरीवाल्या साइटवर चढवलं. धंद्याला बरं म्हणे. उघडतो तर पहिलं तोंड तुझंच."

नेवेनाने माशांचं ताट खाली ठेवलं.

"फोटो झकास आहे. पण खांद्यावर हात कुणाचा गं तो?"

"तुमचाच आहे, कूम."

"अंगठीवरून ओळखलाच मी. बाकीचा मी कुठे गेलो?"

मिलोये मान खाली घालून काटे वेचायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कुमाला कापलंस? आज काय तोंड दाखवायचं संताला?"

"मी सांगणारच होते," नेवेना म्हणाली. "सोमवारी माझं..."

"तुझं काही चुकलं नाही," रादिशाने तिला थांबवलं. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "चूक माझी. शिकलेली पोर मी नऊ वर्षं गल्ल्यावर सडवली. ती दुसरीकडे बघायला लागली, यात लाज माझी." तो राकिया दारूचा पेला घेऊन उठला. "आजपासून कुमा दुकानाची मॅनेजर. संताच्या साक्षीने सांगतो."

सासूबाई रडल्या. मिलोयेने उठून त्याला मिठी मारली. मग सगळे मेणबत्तीभोवती उभे राहिले, फोटो निघाला, आणि मासे गार व्हायच्या आत तो नोकरीच्या साइटवर गेलासुद्धा, नेवेनाच्या नावासकट: "आमची कुमा, आजपासून आमची मॅनेजर. तिला आता कुणी नोकरी विचारू नये."

पाव तासात स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. नोव्ही सादच्या बाईंचा निरोप होता. "अभिनंदन. आधी कळवलं असतंत तर बरं झालं असतं. सोमवारची वेळ आम्ही दुसऱ्या उमेदवाराला देतो आहोत. काही गैरसमज असेल तर लगेच सांगा."

नेवेनाने लिहिलं, "हे खरं नाही." पाठवायचं तेवढं बाकी होतं. दारातून मेणबत्ती दिसत होती, आणि मिलोयेही. तो हसत होता. कारखाना बंद झाल्यापासून असा पोट धरून हसलेला तिने पाहिला नव्हता. घरच्या संताच्या दिवशी, घरच्याच टेबलाशी कुमाला खोटं पाडायचं होतं. तिला रडू आलं, रागही आला, आणि राग कुणावर काढावा हे काही केल्या सुचेना. तिने एकेक अक्षर पुसलं आणि लिहिलं, "आभारी आहे."

"कुमा, इकडे ये," रादिशाने हाक मारली. "तो जुना फोटो काढ बघू. हा लाव. यात मी आख्खा आहे."

ती त्याच्या शेजारी बसली आणि तिने फोटो बदलला. साइटने लगेच विचारलं: अजून नोकरी शोधत आहात का? नेवेनाचा अंगठा तसाच राहिला.

"त्यात काय विचार करायचा," रादिशा म्हणाला, आणि वाकून त्यानेच 'नाही' दाबलं. त्याचा दुसरा हात तिच्या खांद्यावर होता.