बर्फातून उठलेली सून

शामलाला उंबऱ्याबाहेर थांबवलं तेव्हा तिला वाटलं, भाकरतुकडा ओवाळायचा असेल. मुंबईहून हृदयाचं ऑपरेशन करून आलेली सून, एवढं तर कुणीही करतं. पण सासूबाईंच्या हातात काहीच नव्हतं. मागे सासरे विष्णुपंत उपरणं सावरत उभे होते, नि त्यांनी ओसरीच्या कोपऱ्यात अंथरलेल्या वेगळ्या घोंगडीकडे बोट दाखवलं.

तिनं का म्हणून विचारलं, तर तिच्या नवऱ्यानं, राघवेंद्रनं, खाली पाहिलं. हे सगळं त्याचंच कर्तृत्व होतं. ती दवाखान्यात असताना तो मध्ये दोन दिवस इथं घरी, तुळजापूरला येऊन गेला होता, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. हृदयाच्या आतल्या पडद्याला भोक आहे, म्हणून तिला घागर उचलली तरी धाप लागते. ते शिवायचं तर रक्त थोडा वेळ थांबवावं लागतं, आणि रक्तावाचून मेंदू तीन-चार मिनिटंच तग धरतो. म्हणून भूल देऊन अंग बर्फाच्या पाण्यात गार करायचं. गार मेंदूला रक्त कमी लागतं, टाके घालायला वेळ मिळतो. धोकाही त्यांनी लपवला नाही. फार गार झालं तर हृदय नुसतं थरथरत राहतं, ठोका धरत नाही. परत चालू झालं तरी एखाद्याची वाचा जाते, एखाद्याला माणसं ओळखू येत नाहीत. राघवेंद्रला घाम फुटला होता. ‘करा’ असं शामलानंच म्हटलं होतं.

आणि ऑपरेशनच्या वेळी तिचं हृदय थरथरलंच. डॉक्टरांनी हातात धरून, दाबून दाबून ते चालू केलं. राघवेंद्रनं हे घरी मीठमसाला लावून सांगितलं. विष्णुपंतांनी पोथ्या काढल्या. काळीज बंद, अंग गार, म्हणजे सून गेली. गेलेलं माणूस परत आलं तर त्याचे संस्कार पहिल्यापासून करायचे, आणि लग्नही पुन्हा लावायचं. तोवर स्वयंपाकघर बंद, देवघर बंद. सासूबाईंनी तर सुतकही धरलं होतं. शामला दवाखान्यात पेज पीत होती, तेव्हा इथं तिच्या नावानं अंघोळी चालल्या होत्या.

सासऱ्यांच्या तोंडून हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोक बुजवून, मरण टाळून माणूस घरी यावं, आणि घरच्यांनी त्याला मेलेलं ठरवून मोकळं व्हावं, याला काय म्हणायचं?

तिनं राघवेंद्रला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे.

“बाबा म्हणतायत तर करून टाकू की एकदा,” तो म्हणाला. “तुझं काय जातं त्यात?”

शामला म्हणाली, “डॉक्टरांनी सगळे धोके सांगितले. हा एवढा राहिला.”

विष्णुपंत समजुतीनं म्हणाले की मुहूर्त जवळचाच आहे, बेंबळीला तिच्या वडिलांना, नारायणराव मास्तरांना निरोप धाडू, ते पुन्हा कन्यादान करतील.

“त्यांनी दिलेली मुलगी मेली ना, मामंजी?” शामला म्हणाली. “मग ते आता दान करणार कुणाचं? मागच्या खेपेला मला कुणी विचारलं न्हवतं. आता लग्न लावायचं असंल तर मला विचारा.”

तिनं खाली ठेवलेली पिशवी उचलली आणि ती गल्लीतून स्टँडकडे निघाली. त्या चढणीवर पूर्वी ती दर चार घरांना भिंत धरून थांबायची. आज राघवेंद्र मागून पळत आला तेव्हा धाप त्यालाच लागली होती.

“बेंबळीला चाललीस? आणि परत कधी?” त्यानं विचारलं.

“मागणी घालायला या,” ती चालता चालताच म्हणाली. “तुम्ही एकटे या, तुमच्या बाबांना आणू नका. हो म्हणायचं की नाही, ते अजून म्या ठरवलं नाही.”