टॅबखालचा ग्रंथ

अहो, इकडे खाली बघा! टॅबच्या खाली. मी बोलतोय, दातांच्या रचनेचा ग्रंथ. गंध-अक्षता वाहायचा नव्हे, दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला वाचायचा.

मी कोरा करकरीत असताना वरच्या वर्गातल्या पंकजानं मला विकत घेतलं. भारी पोरगी! पेन्सिलीनं खुणा केल्या, माझ्या अंगावर मेणाचा चुरा सांडला, वर चहाही सांडला. पहिलं वर्ष पास झाल्यावर तिनं मला निकिताला देऊन टाकलं.

निकिता कोल्हार गावची, अजिनाथरावांची लेक. कॉलेजसाठी केडगावात मोनिका नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली करून राहते. वडिलांनी मोठ्या कौतुकानं टॅब घेऊन दिला. त्यातही मीच, अक्षरन् अक्षर मीच, पण बिनवजनाचा. दसऱ्याला कोल्हारच्या घरी पाटावर त्या टॅबची पूजा झाली आणि मी केडगावातच राहिलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एसटीत उभ्यानं मला कोण वाचणार? तो हातात मावतो, हवा तो शब्द चटकन शोधून देतो. त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. तो जरा उंच यावा म्हणून निकितानं मला त्याच्याखाली सरकवलं.

पहिल्या वर्षाला ही पोरं मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतात. परीक्षेतही एक दात कोरून द्यावा लागतो. निकितानं टॅबवर सुळ्याचं चित्र उघडलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. हिरडीबाहेर दिसणारा दाताचा माथा पडदाभर झाला, मूळ कडेबाहेर गेलं. रोज तसंच बघून ती कोरायची.

"अगं, मुळाचं बघितलंस का?" मोनिकानं विचारलं.

"मूळ काय, निमुळतं करायचं! माथाच अवघड असतो बाई."

अगं पोरी, मुळाचं टोक बहुधा मागच्या दातांकडे झुकतं! दात उजवा का डावा, ते त्यावरूनही ओळखतात. पंकजानं तिथं ठळक रेघ ओढलीय. मी जीव तोडून ओरडलो असतो, पण मला तोंड कुठंय?

परीक्षेत उजवा सुळा आला. परत येऊन निकितानं मोनिकाला सगळं सांगितलं. माथा बघून मॅडम आधी खूश झाल्या होत्या. मग त्यांनी दात फिरवून पाहिला, तर मुळाचं टोक उलट्या बाजूला झुकलेलं. म्हणाल्या, "माथा उजव्याचा, मूळ डाव्याचं. हा कुणाच्या तोंडात बसवायचा?"

निकाल लागला, निकिताचा तोच विषय गेला. तिनं कोल्हारला वडिलांना फोन लावला.

"आप्पा, मी नापास झाले."

स्पीकरवर अजिनाथरावांचा आवाज आला.

"रडू नको, बाय. टॅब बिघडला व्हता का? आपुन दुसरा घेऊ, ह्याच्याहून मोठा. आमाला त्यातलं काय कळत न्हाई, माझ्याकडूनच चुकून हलका घेतला गेला असंल."

"न्हाई आप्पा, टॅब चांगला हाय," एवढंच ती बोलली आणि हुंदके द्यायला लागली.

आता ती पुन्हा तयारीला लागलीय, टॅबवरच. पोरांनो, माझं काही म्हणणं नाही. हवं तर मला उघडूही नका. पण चित्र एकदा लहान करून अख्खं बघत जा रे. आप्पा तिला चार शब्द रागावले असते ना, तर ती एवढी रडली नसती.