एकतिसावी सीट

वामनरावांच्या यात्रेला भाजी माझ्याकडून जायची. स्वयंपाकी, शेगडी आणि किराणा बसमध्ये सोबत घेऊन ते माणसांना दूर दूर फिरवून आणत. निघायच्या आदल्या दिवशी अमरावतीच्या बाजारात येत आणि वांगी, कोबी, बटाटे, कांदे भरून नेत. माझी वांगी रामेश्वरला जाऊन आली होती. मी नागपूरच्या पुढे गेले नव्हते.

आमच्या ओळीत आम्ही बायका रोज एक जागा सरकतो. रस्त्याच्या तोंडाशी कोपऱ्याची जागा आहे, गिऱ्हाईक आधी तिथेच थांबतं. म्हणून आज कोपऱ्यावर बसलेली बाई उद्या ओळीच्या शेवटी जाते आणि बाकीच्या एकेक जागा पुढे येतात. माझ्या सासूच्या काळापासून असंच चालत आलं आहे, त्यावरून कधी भांडण झालं नाही. त्या दिवशी कोपरा माझा होता, म्हणून वामनराव पिशव्या घेऊन आधी माझ्यापुढे उभे राहिले.

“पार्बताबाई, दिवाळी झाली की कन्याकुमारीची गाडी काढून राहिलो,” ते म्हणाले. “पण माणसंच भेटत नाहीत. फोनवर जाहिराती टाकून टाकून थकलो.”

“माणसं मी देतो. मले काय देता?”

ते हसले. मी हसत नाही हे पाहून मग त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“तीस माणसं आणा. एकतिसावी सीट तुमची. खाणं, राहणं सगळं फुकट. पण नुसती नावं सांगू नका. तीस माणसं गाडीत बसलेली दिसली पाह्यजेत.”

घरी सांगितलं तर माझा मुलगा चंदन म्हणाला, “आई, तुले समुद्रच पाहायचा आहे तर मी देतो ना पैसे.”

“तू देशील, अन मंग वर्षभर त्याच पैशाची आठवण देशील.”

सून रागिणी भाकरी थापता थापता खो खो हसली. चंदनचं तोंड उतरलं. वाईट मुलगा नाही तो, पण तसा आहे. मी ठरवूनच टाकलं. जाईन तर माझ्या तीस माणसांच्या जोरावर जाईन, नाहीतर समुद्राचं नाव काढणार नाही. घरात बोलले, बाजारातही बोलून बसले. आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहिलं: ‘कन्याकुमारी. येणार का? इथे विचारा.’ अक्षरं थोडी वाकडी आली, पण रस्त्यावरून वाचता येत होती. पुठ्ठा मेथीच्या जुड्यांना टेकून उभा केला.

लोक थांबायचे. कोणी विचारायचं, “ही कन्याकुमारी म्हणजे नवीन भाजी आली का वं?” मी म्हणायची, “हाव, पण ती जाग्यावर जाऊन खा लागते.” हसली की बाई बसायची. बसली की मी समुद्राचं सांगायची, जो मी पाहिला नव्हता. तीन बाजूंनी पाणी, सूर्य पाण्यातून निघतो आणि पाण्यातच बुडतो. ऐकून ऐकून मलाच रोज नवीन काहीतरी सुचायचं.

यायला सगळ्यांनाच आवडत होतं. अडचण एकच, आणि सगळ्यांची सारखी. “मले गाडी लागते वं पार्बताबाई. मूर्तिजापूर येत नाही तर उलटी होते.”

“तुले पुढची सीट देतो. पुढं बसलं की लागत नाही.”

झालं. ती तयार व्हायची. दुसरीलाही मी हेच सांगितलं, तिसरीलाही. ज्याला त्याला सांगताना ती सीट मला डोळ्यांपुढे दिसायची आणि त्यावर तोच माणूस बसलेला दिसायचा. खुशालरावांनाही सांगितलं. ते फुलांचा टेम्पो चालवतात आणि त्यांची बायको कौसाबाई आमच्याच ओळीत झेंडू विकते. रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला मागे बसलं की गरगरतं म्हणे.

अमरावतीची माणसं पंधरा-सोळाच्या पुढे सरकेनात, तेव्हा मी अकोल्याला जाईबाईला फोन लावला. पूर्वी आमची भिंतीला भिंत होती. तिचा मुलगा धर्मेंद्र अकोल्याला बँकेत लागला तेव्हा ती तिकडे गेली.

“देवळं देवळं करत फिरवशील तर मी येत नाही, आधीच सांगतो,” जाईबाई म्हणाली. “आमच्या विहारातल्या बायकाही नाही येणार.”

“तुमी खाली समुद्रावर बसा. आमी देवाचं दर्शन घेऊन येतो.”

“मंग ठीक आहे. तुमी देव पाहा, आमी पाणी पाहतो. पण मले पुढची सीट पाह्यजे. मले गाडी लागते.”

“देली,” मी म्हणाले.

तिने चार दिवसांत बाकीची सगळी माणसं जमवली. तीस झाली.

निघायच्या सकाळी बस बाजारामागच्या रस्त्यावर उभी राहिली. दार उघडायच्या आधीच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडू लागल्या. खुशालरावांनी तर पहिल्या ओळीवर टॉवेलच पसरला. मागून आलेल्या बाया दारातच थबकल्या.

“ते माही सीट आहे. पार्बताबाईनं मले सांगतलं.”

“मलेही तेच सांगतलं.”

“मले तर दोनदा सांगतलं!”

मग सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. वामनरावही.

“बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “गाडीले पुढं किती सीटा असतात, हे पाहिलं होतं का तुमी?”

भांडत, कुरकुरत एकदाची बस निघाली. रुमाल टाकणारे पुढे, बाकीचे मागे. मला अजून सीट नव्हती. वामनराव म्हणाले, अकोल्याची माणसं चढली, तीस भरले की तुमची सीट. तोवर मी मागे स्वयंपाक्याजवळ कांद्याच्या पोत्यावर बसले. मूर्तिजापूर गेलं. मागच्या ओळीतल्या दोघींनी पिशव्या तोंडाला लावल्या आणि तेवढ्यातही माझ्याकडे रागाने पाहून घेतलं.

अकोल्याला जाईबाई सामानासहित रस्त्यावर उभी होती. तिच्यामागे तिची सगळी माणसं. तिने पायरीवर एक पाय ठेवून आत पाहिलं.

“पार्बता, मले कोणती सीट सांगतली होती?”

“पुढची.”

“अन हे कोण बसले?”

“त्यांलेही तेच सांगतलं.”

जाईबाईने पाय खाली घेतला. तिच्या मागून पुंजाराम नावाचा उंच गवंडी बोलला, “मंग आमी नाही चढत. अमरावतीवाले पुढं अन अकोलावाले मागं धूळ खात? काहून? आमचे पैसे फुकटचे आहेत का? परत करा.” बाकीच्यांनी सामान पुन्हा खांद्यावर घेतलं. पुढच्या सीटवरून खुशालराव ओरडले, “नसन यायचं तर नका येऊ! गाडी थांबवू नका!”

वामनराव माझ्याजवळ आले. “हे लोक गेले तर तुमची सीट गेली, बाई. मले यात काही करता येत नाही. इथून अमरावतीची एसटी भेटते.”

मी बाहेर पाहिलं. अमरावतीची एसटी खरंच लागलेली होती. तिच्यात बसून मी घरी गेले असते, चंदन काही बोलला नसता, आणि त्याचं ते न बोलणं मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. पोत्यावरून उठताना गुडघ्याला हात टेकला आणि एकदम नजर गेली ती एकामागे एक लागलेल्या सीटांच्या ओळींवर.

“वामनराव, गाडीत ओळी किती?”

“दहा.”

“अन आपण फिरणार किती दिवस?”

“बारा. तुमाले माहीत नाही का?”

मी पुढे गेले, ड्रायव्हरजवळ उभी राहिले आणि भाजीचा भाव सांगते त्या आवाजात बोलले.

“ऐका. रोज सकाळी सगळ्यांनी एक ओळ पुढं सरकायचं. पुढचे मागं जातील. आमच्या बाजारात कोपरा असाच फिरते. ओळी दहा, दिवस बारा. गाडीत असा एकही माणूस नाही ज्याले पुढची सीट भेटणार नाही. म्हणजे मी कोणाशी खोटं बोललो नाही.”

पुंजारामने खालून विचारलं, “आज पुढं कोण?”

“अमरावतीवाल्यांनी इथपर्यंत बसून घेतलं. आता अकोल्याची पाळी.”

“मी नाही उठत,” खुशालराव म्हणाले. “मी टॉवेल टाकला आहे.”

तेव्हा त्यांच्या बाजूची कौसाबाई उठली. “टॉवेल टाकून कोपरा भेटला असता तर मी कधी शेवटच्या जाग्यावर बसली असती का? उठा. तुमी टेम्पोत बसता, बाजारात नाही बसत, म्हणून तुमाले माहीत नाही.” तिने टॉवेल ओढला, झटकला, खांद्यावर टाकला आणि चालत मागे निघाली. तिच्या मागे आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका पिशव्या उचलून उठल्या. रोज सकाळी टोपल्या उचलतो तशाच उठल्या. खुशालराव एकटे पुढे उरले. इकडे तिकडे पाहिलं आणि चष्मा पुसत तेही मागे गेले.

“अन ज्याले मागं गाडी लागते त्याचं काय?” पुंजाराम.

“त्याले गोळी मी देतो,” जाईबाई पायरी चढत म्हणाली. “दवाखान्यात आयाचं काम केलं मी. चढा तुमी.” ती पुढच्या सीटवर ऐसपैस बसली आणि माझ्या कानाशी वाकली. “मले गाडी-बिडी लागत नाही वं.”

“मंग पुढची सीट काहून मागत होती?”

“समुद्र मले सगळ्यांच्या आधी दिसला पाह्यजे ना!”

मला हसावं की तिला चिमटा काढावा कळेना. मी दोन्ही केलं.

वामनरावांनी दारापासून मागेपर्यंत बोट नाचवत मोजलं. तीस. मग तेच बोट माझ्याकडे केलं आणि मोठ्याने म्हणाले, “एकतीस!” सगळ्या गाडीने टाळ्या वाजवल्या. अकोल्याच्यांनीही, अमरावतीच्यांनीही. खुशालरावांनीही वाजवल्या, जरा उशिरा.

माझी सीट अगदी शेवटची होती, चाकावरची. स्वयंपाक्याने कांद्याचं पोतं ओढून मला जागा करून दिली. मी लुगडं सावरून बसले, पाठ टेकवली. ही सीट मला कोणी घेऊन दिली नव्हती.

पातूर मागे पडलं तेव्हा चंदनचा फोन आला. कौसाबाईने त्याला काय काय कळवलं होतं कोण जाणे.

“आई, अकोल्याहून परत येऊन राहिली का? घ्याले येऊ?”

“घ्याले यायचं असन तर कन्याकुमारीले ये,” मी म्हणाले. “मी माह्या सीटवर बसली आहे.”

त्याच्या मागून रागिणीचा आवाज आला, ती ओरडत होती, “जिंकल्या का आई? जिंकल्या?” आणि चंदन हसायला लागला. बऱ्याच दिवसांनी त्याचं असं हसणं ऐकलं.

तेवढ्यात रस्त्यात मोठा खड्डा आला. मागचं चाक त्यात गेलं आणि मी सीटवरून चांगली हातभर वर उडाले. पुढून वामनराव ओरडले, “पार्बताबाई, मागं लय त्रास होते का? गाडी हळू घ्याले सांगू?”

“काहीच नका सांगू!” मी ओरडले. “जाऊ द्या जोरात!”