तिसऱ्या खोलीतली खुर्ची

ती गेली त्या दिवशी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून तीन गोष्टी विचारल्या. गेल्या काही महिन्यांत जिना चढताना तिला दम लागत होता का? छातीत जड वाटतंय असं कधी म्हणाली होती का? खांद्यात किंवा जबड्यात कळ यायची का? मी तिन्ही वेळा नाही म्हणालो. लेक माझ्या शेजारी उभी होती. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं, हे एका दिवसाचं नाही, वेळेवर दाखवलं असतं तर काही करता आलं असतं. मग त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते गेले.

लेकीने माझी बाही धरली. "बाबा, त्या भुताच्या खोलीत आईला काही झालं होतं का?"

"नाही. हसत होती ती."

ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं मी आता लिहितो आहे.

त्याच्या तीन आठवडे आधी आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. तिने आम्हाला एस्केप रूमची दोन तिकिटं पाठवली. एका तासासाठी आपल्याला खोल्यांमध्ये कोंडतात, आत अंधार आणि भुतंखेतं, आणि आपण खुणा शोधून कुलपं उघडत बाहेर पडायचं. मी म्हणालो, कोंडून घ्यायला आणि घाबरायला माणसाला लग्न पुरतं, वेगळं तिकीट कशाला? ही म्हणाली, "मग तुम्हाला सवय आहेच. चला."

मी एकतीस वर्षं वाहन नोंदणीच्या कचेरीत खिडकीवर बसलो. लोकांचे फॉर्म तपासायचे हे माझं काम. एक रकाना मोकळा दिसला की फॉर्म परत. नवऱ्याने बायकोची सही केली असेल तर मला लांबून कळायचं, आणि अशा माणसाला मी चारचौघांत सुनावायचो. घरातले सगळे फॉर्म मीच भरायचो. बँकेचे, शाळेचे, हिच्या शिलाई मशीनच्या वॉरंटीचेसुद्धा. ही कपड्यांच्या दुकानात फिटिंगचं काम करायची, आणि मला हेडक्लार्क म्हणायची. ते पद मला शेवटपर्यंत मिळालं नाही, फक्त घरी मिळालं.

तर आम्ही तिथे गेलो. बाहेरच्या खोलीत दोन बाकं आणि भिंतभर गिऱ्हाइकांचे फोटो होते. आम्ही टेकतो तोच आतून आधीची मंडळी बाहेर आली. एक धिप्पाड गृहस्थ बायकोचे दोन्ही खांदे धरून तिच्या मागे लपत आले. त्यांच्या एका पायात बूट नव्हता. बायको खेळ चालवणाऱ्या बाईला म्हणाली की बूट राहू दे आत, भुताला होईल. ही पदर तोंडाला लावून हसत होती. हसली ती अशी.

खेळ चालवणारी बाई आमच्या लेकीच्या वयाची. तिने दोघांना एकेक फॉर्म दिला आणि ती फोनवर बोलू लागली. फॉर्मवर प्रश्न होते: हृदयविकार आहे का, दमा आहे का, चक्कर येते का, गेल्या सहा महिन्यांत धाप लागणं किंवा छातीत दुखणं असा त्रास झाला का. पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. ही पिशवीत चष्मा शोधत होती. मी माझा फॉर्म संपवून तिचा ओढला.

"थांबा ना, वाचू तरी द्या," ती म्हणाली.

"वाचायला ती काय कादंबरी आहे?"

मी सगळ्या 'नाही'वर खुणा केल्या आणि खाली तिची सहीही ठोकून दिली. तोवर तिला चष्मा सापडला होता. तिने तो डब्यात ठेवला आणि डबा पिशवीत ठेवला.

आत जायच्या आधी बाईने समजावून सांगितलं. प्रत्येक खोलीत कॅमेरा आहे, मी सतत बघत असते. नको वाटलं तर दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरा, मी लगेच दार उघडते. यात लाज वाटायचं कारण नाही.

ते एका मेलेल्या घड्याळजीचं घर होतं. पहिल्या खोलीत पन्नासेक बंद घड्याळं, आणि मध्येच एखादं ठणाणा करणारं. तिथलं कुलूप मी उघडलं. दुसऱ्या खोलीत छताला पांढरा झगा टांगलेला, त्याच्या आत कुणी नाही, आणि तो आपोआप हलायचा. मी दोन पावलं मागे सरलो. ही पुढे गेली आणि त्याची कड हातात घेऊन बघू लागली. म्हणाली, बाकी सगळी मशीनची शिवण आहे, इथे चार बोटं हाताने घातलीय, आणि तीही गबाळी. तिने नखाने टाके उसवले. आत किल्ली होती. स्पीकरवरून बाईचं हसू ऐकू आलं. ती म्हणाली, काकू, इथवर यायला लोकांना अर्धा तास लागतो.

तिसरी खोली माळ्यावर होती. नऊ पायऱ्यांचा उभा जिना. ही पाचवीवर थांबली. मी वरून हात दिला आणि चेष्टा केली की भूत खाली राहिलं, आता कशाला भितेस. वर काळोख होता आणि भिंतींतून छाती धडधडल्याचा आवाज सोडलेला होता. माझीही छाती धडधडत होतीच. तिथे सगळ्यांचीच धडधडते. म्हणूनच मला काही वेगळं वाटलं नाही.

ती भिंतीला टेकली. "अहो, मला श्वास पुरत नाहीये."

मी म्हणालो, त्याचेच तर पैसे घेतलेत त्यांनी.

मग तिने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली केली.

स्पीकर लगेच बोलला. "काकू, दार उघडू का?"

मी कॅमेऱ्यासमोर जाऊन हात हलवला. "नको, नको. तिचं असंच असतं. अकरा मिनिटं आहेत, होऊन जाईल."

मग पुन्हा, "काकू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. हात खाली घेतले. "राहू दे," म्हणाली. मग ती जमिनीवर बसली. तिथून तिला टेबलाच्या खालच्या बाजूला लिहिलेले आकडे दिसले, ते तिने मला एकेक करून वाचून दाखवले आणि शेवटचं कुलूप उघडलं. चार मिनिटं शिल्लक होती. मी फोटोसाठी तिचा हात पैलवानाचा धरतात तसा वर धरला. त्या फोटोत तिच्या ब्लाउजचा गळा घामाने भिजलेला दिसतो. तेव्हा मी फक्त मला पाहिलं.

तिथे गिऱ्हाइकांनी अनुभव लिहायची वही असते. ही त्यात लिहीत उभी राहिली आणि मी दारातून ओरडलो की निबंध नको, बस चुकेल. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. दमली असेल, मजा झाली ना. पुढचे तीन आठवडे असेच गेले. ती दोनदा दुपारची आडवी झाली, आणि मी विचारलं नाही.

आता लेक दर रविवारी फोन करते. आधी जेवलात का विचारते, आणि मग तेच. मी ती तिकिटं काढायला नको होती बाबा, मीच आईला तिथे पाठवलं. मी म्हणतो, असं नसतं गं. एवढंच म्हणतो. तिला वाटतं मी तिला समजावतो आहे.

चार महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी मी एकटा तिथे गेलो. खेळ अजून सुरू व्हायचे होते, सगळे दिवे लागले होते. बाईने मला ओळखलं नाही, भिंतीवरचा फोटो दाखवल्यावर ओळखलं. मी वही मागितली.

त्यात काय काय होतं. एकाने लिहिलं होतं की भुतापेक्षा मेव्हण्याची भीती वाटली. कुणी लिहिलं, आम्ही पाच इंजिनिअर, एकही कुलूप उघडलं नाही, कृपया कंपनीला कळवू नये. एका पोराने फक्त 'आईगं' लिहिलं होतं, आणि खाली त्याच्या आईने लिहिलं होतं की मी बाहेरच बसले होते. मग हिचं अक्षर आलं. मला वाटलं होतं माझी तक्रार असेल. तिने लिहिलं होतं: 'खेळ छान आहे. तिसऱ्या खोलीत एक खुर्ची ठेवावी. जिना चढून धाप लागते, मला हल्ली लागते. झग्याची कड नीट घालून हवी असल्यास मी घालून देईन.'

बाई म्हणाली, "त्या काकू होय! दुसऱ्याच दिवशी ठेवली खुर्ची. रोज कुणी ना कुणी बसतंच. कशा आहेत?"

मी सांगितलं. मग फॉर्मचंही सांगितलं. ते मी प्रथमच कुणाला सांगत होतो. ती म्हणाली, मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं, दार उघडायला हवं होतं.

"तू तिला विचारलंस तरी," मी म्हणालो.

फॉर्म ते वर्षभर ठेवतात. तिने फाइल काढून हिचा समोर ठेवला. सगळ्या खुणा माझ्या होत्या. सहीतलं शेवटचं अक्षर मी घेतो तसं गोल होतं, ती ते सरळ ओढायची. खिडकीवर आला असता तर मी तो फॉर्म हातातसुद्धा धरला नसता. मी बाईला विचारून त्याचा फोनवर फोटो काढला. मग वहीतल्या त्या पानाचा काढला. जाताना तिने विचारलं, वर जाऊन खुर्ची बघायची का? मी नऊ पायऱ्या चढलो. साधी लाकडी खुर्ची होती, भिंतीला लावलेली, जिथे ती टेकली होती तिथेच. मी बसलो नाही.

ते फोटो लेकीला पाठवायचे असं ठरवूनच मी घरी आलो. म्हणजे तिला कळलं असतं की तिकिटांनी काही केलं नाही, उलट तिथल्या एका चौकोनाने तिची आई वाचू शकली असती, तिला वाचू दिलं असतं तर. पण मला दर रविवारी जेवलात का विचारणारी ती एकच उरली आहे. हे कळल्यावर ती विचारेल की नाही, ते मला माहीत नाही.

तेव्हापासून सहा रविवार झाले. गेल्या रविवारी ती फोनवर रडली आणि मी पुन्हा म्हणालो, असं नसतं गं. दोन्ही फोटो फोनमध्ये आहेत. मी ते अजून पाठवलेले नाहीत.