एकही वाट न उरलेलं पान

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही, मला वास नाही आणि माझ्यावर धूळही बसत नाही. तरीही मी जुना झालो आहे. मी एका वेबसाइटवरचं पान आहे. माझ्या आयुष्यातले अकरा महिने असे गेले, की तेवढ्या काळात एकाही माणसाने मला उघडलं नाही. त्याचीच ही हकिकत.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर एक बोळ होता, त्याच्या तोंडाशीच ते होतं. तिथे व्हीलचेअर, वॉकर आणि कुबड्या दुरुस्त व्हायच्या. भिंतीवर चाकं टांगलेली असत. टेबलावर स्प्रिंगांचे आणि बोल्टांचे डबे होते आणि त्यांना जरा बाजूला सारून एक संगणक ठेवला होता. मालकांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांची भाची वेबसाइट बनवण्याचं काम करायची. रोज दहा जणांना फोनवर तेच तेच सांगून मामाचा घसा बसतो, हे पाहून तिने एकदा सगळं लिहून टाकायचं ठरवलं आणि मामाला शेजारी स्टुलावर बसवलं.

मिस्त्री सांगायचे आणि ती टाइप करायची. व्हीलचेअरचा ब्रेक लागत नसेल तर काय करायचं, हा माझा विषय. मिस्त्री म्हणाले, "ब्रेकच्या पट्टीचा बोल्ट असा जरासा ढिला करायचा."

"असा म्हणजे कसा, मामा? वाचणाऱ्याला तुझा हात दिसत नाही."

मिस्त्रींनी उठून एक खुर्ची ओढून आणली, बोल्ट खरोखर ढिला करून पाहिला आणि मग म्हणाले, "अर्धा वळसा लिही. जास्त फिरवला तर पट्टीच खाली घसरते."

अशी एकेक ओळ तासून मी तयार झालो. आधी चाकातली हवा बघा. मग बोल्ट अर्धा वळसा ढिला करा. ब्रेक चाकाकडे गव्हाच्या दाण्याएवढा सरकवा आणि पुन्हा घट्ट आवळा. दोन्ही बाजू सारख्या करा. माणूस बसवण्याआधी रिकामी खुर्ची ढकलून पाहा. एवढंच माझ्या पोटात होतं.

आम्ही एकूण सहा पानं होतो. पहिल्या पानावर 'ब्रेक लागत नसेल तर' असे शब्द होते. त्यांवर बोट ठेवलं की माणूस थेट माझ्याकडे यायचा. दुसरी वाट मिस्त्रींनी स्वतः सुचवली. चाकात हवा कमी असली की ब्रेक पकडत नाही, म्हणून टायरच्या पानावरूनही माझ्याकडे यायची सोय ठेव, असं त्यांनी भाचीला सांगितलं. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि ती हसली. मामाला तिचं काम न शिकवताच कळलं होतं.

मित्रांनो, या वाटांचं महत्त्व तुम्हाला सांगायला हवं. शोधयंत्राचा एक फिरता प्रोग्राम असतो. तो लिंक धरून एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो, वाचतो आणि टिपून घेतो. एखाद्या पानाकडे किती वाटा येतात आणि त्यांवर कोणते शब्द लिहिले आहेत, हेही तो बघतो. घरच्याच पानांनी ज्याच्याकडे बोट दाखवलेलं नाही, ते पान त्यालाही फारसं महत्त्वाचं वाटत नाही. माझ्याकडे तेव्हा वाटा होत्या, त्यामुळे कुणी ब्रेकबद्दल शोधलं की मी सर्वांत वर दिसायचो.

ते माझे भरभराटीचे दिवस. मला जिथे उघडतात तिथलं थोडंफार मला दिसतं आणि ऐकू येतं. वॉर्डाच्या व्हरांड्यात गुडघ्यावर बसून मला वाचणारी नर्स मी पाहिली. एक निवृत्त शिक्षक मला मोठ्याने वाचत आणि खुर्चीत बसलेली त्यांची बायको म्हणे, "शब्द सोडू नका, मागच्या वेळी सोडला होतात." मिस्त्री तर आल्यागेल्याला माझ्याबद्दल सांगत. तेव्हा मला वाटायचं, आता आपलं बस्तान बसलं.

पुढे मिस्त्रींचे हात थरथरू लागले. पाना धरला की निसटायचा. त्यांनी काम थांबवलं आणि मुलाने वर्कशॉप हाती घेतलं. भाचीची नोकरी दुसऱ्या शहरात लागली. मुलगा वाईट नव्हता. त्याला नव्या खुर्च्या विकायच्या होत्या आणि आम्ही जुनी पानं त्याला गबाळी वाटत. त्याने वेबसाइटला नवा चेहरा दिला. मोठमोठे फोटो आले. शहरातल्या प्रत्येक भागासाठी 'व्हीलचेअर ब्रेक दुरुस्ती' नावाचं एक, अशी चाळीस पानं आली. चाळीसही पानांवर तोच मजकूर होता, फक्त भागाचं नाव वेगळं. खाली फोन नंबर.

मला कुणी पुसलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या वाटा तेवढ्या काढून टाकल्या. पहिल्या पानावरचे शब्द गेले. टायरचं पानही माझ्यासारखंच बाजूला पडलं. फिरता प्रोग्राम अधूनमधून जुन्या ओळखीने डोकावायचा, मग तोही कमी येऊ लागला. एकाच नावाची चाळीस पानं पाहून तो गोंधळला असावा, त्याने आम्हा सर्वांनाच खाली ढकललं. दिवसाला साठ माणसं यायची, ती सहा झाली, मग एक, मग कुणीच नाही.

त्या अकरा महिन्यांत काय करत होतो, असं विचाराल तर काहीच नाही. माझ्यातला शब्द न् शब्द जागेवर होता. वेबसाइटवर शेकडो माणसं येत-जात होती. घरात पाहुण्यांचा राबता असावा आणि आपल्या खोलीचं दारच भिंतीने बुजवलेलं असावं, तसं ते होतं.

मग एका सोमवारी अचानक मी उघडलो. वर्कशॉपच्याच संगणकावर, आणि त्याच्यापुढे मिस्त्री, त्यांचा मुलगा आणि एक अनोळखी बाई. बाई शिवणकाम करायच्या, गळ्यात मोजायची टेप तशीच होती. त्यांच्या बोलण्यातून मला सगळं समजलं. आदल्या आठवड्यात, रविवारी, त्यांच्या आईची खुर्ची दारापुढच्या उतारावर घसरू लागली होती. बाईंनी फोनवर शोधलं, त्या चाळीसपैकी तीन पानं उघडली आणि नंबर फिरवला. सुट्टी असल्याने कुणी उचलला नाही. संध्याकाळी खुर्ची ब्रेक लावलेला असतानाही सुटली. आई पडली आणि तिचं मनगट मोडलं.

मिस्त्री त्यांना सांगत होते, की हे सगळं आम्ही लिहून ठेवलंय. पण वेबसाइटवर मी कुणालाच सापडलो नव्हतो, मुलालाही नाही. शेवटी भाचीला फोन लावून माझा पूर्ण पत्ता विचारावा लागला.

बाईंनी मला शेवटपर्यंत वाचलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "काका, हे मला रविवारी हवं होतं."

मुलाने स्वतःच भाचीला पुन्हा फोन लावला. "ताई, जरा येशील का? माझ्याकडून चूक झालीये."

भाची पुढच्या सुट्टीत आली. नव्या खुर्चीचा रिकामा खोका फाडून तिने फरशीवर पसरला आणि त्यावर सगळ्या पानांची नावं लिहिली. कुठून कुठे जाता येतं, त्याच्या रेघा मारल्या. माझ्या नावापाशी एकही रेघ येत नव्हती. मुलगा उकिडवा बसून बराच वेळ ते पाहत होता. चाळीस पानांचं त्यांनी एकच नीट पान केलं आणि जुने पत्ते त्याच्याकडे वळवले. दुरुस्तीची सगळी पानं एका छताखाली आणली आणि एकमेकांना जोडली. 'इथे क्लिक करा' असं जिथे जिथे होतं, तिथे पुढे काय मिळेल ते साध्या शब्दांत लिहिलं.

एवढं झाल्यावर भाचीने बाईंना बोलावलं आणि वेबसाइट त्यांच्या हातात दिली. बाई पहिल्याच पानावर अडल्या. तिथे 'तांत्रिक साहाय्य' असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, हे तुमच्या माणसांसाठी असेल. आणि मी 'ब्रेक' असं कुठे शोधलं होतं? 'खुर्ची उतारावर घसरते', असं शोधलं होतं."

भाचीने दोन्ही बदललं. वर 'घरच्या घरी दुरुस्ती' आलं आणि माझ्या नावात बाईंचे शब्द आले.

बाईंसोबत त्यांची आईही आली होती, हात प्लास्टरमध्ये. तिची खुर्ची मिस्त्रींच्या मुलाने दुरुस्त केली. हे काम आजवर कारागीर करत, त्याने स्वतः कधी केलं नव्हतं. मला समोर ठेवून तो एकेक ओळ वाचायचा आणि एकेक बोल्ट फिरवायचा. म्हातारीने विचारलं, "वाचून करतोय म्हणजे येतं ना याला?" मिस्त्री म्हणाले, "आजपासून येईल, मावशी."

फिरता प्रोग्राम परत यायला काही आठवडे लागले. शोधाच्या यादीत मी आता चौथा आहे. पहिला नंबर परत मिळाला नाही, मिळेल असंही नाही. पण माणसं येतात. दोन-तीन मिनिटं थांबतात, वाचतात आणि जातात. आपला ब्रेक लागला, हे सांगायला मागे कुणी वळत नाही. माझ्यासारख्याचं एकटेपण पूर्ण जात नाही, मित्रांनो, हे मला आता कळून चुकलं आहे.

तुम्हीही उद्या काहीतरी लिहाल. शाळेच्या वेबसाइटसाठी असेल, नाहीतर स्वतःसाठी. कुणाच्या उपयोगाचं लिहिलंत, तर तेवढ्यावर उठू नका. त्याच्याकडे यायची वाट कुठून आहे ते बघा, त्या वाटेवर येणाऱ्याच्या तोंडचे शब्द लिहा, आणि घर नव्याने मांडाल तेव्हा कुठली खोली बुजली नाही ना, एवढं एकदा तपासा.

आज सकाळी एकाने मला उघडलं. 'रिकामी खुर्ची ढकलून पाहा' या ओळीपाशी तो बराच वेळ थांबला होता. मग फोन खाली ठेवल्याचा आवाज आला आणि चाक सरकवल्याचा. पुढचं काही ऐकू येण्याआधी त्याच्या फोनचा पडदा विझला.