बाइंडरचं पथ्य

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरने चष्मा काढला की समजावं, आता आपलं काहीतरी बंद होणार.

"गहू बंद," त्या म्हणाल्या. "तुमच्या आतड्यांना तो सोसत नाही."

"म्हणजे कमी करायचा?" बाइंडरने विचारलं.

"बंद म्हणजे बंद. पाव, बिस्किटं, केक, मैदा, सगळं. कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये. आणि रोज काय काय खाता ते वहीत लिहा."

बाइंडर चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधत होता. स्वतःसाठी वही त्याने पहिल्यांदाच बांधली. कापडी पाठ, चामड्याचे कोपरे, वर सोनेरी अक्षरांत 'पोट : खंड पहिला'.

त्याची बायको बसवर तिकीट तपासनीस. तीस वर्षांच्या नोकरीत माणसाच्या नुसत्या मानेकडे बघून तो विनातिकीट आहे की नाही, हे तिला कळायचं. तिने घरातला गहू एका दिवसात हद्दपार केला आणि तांदळाच्या पिठाचा पाव भाजायला घेतला. पहिला पाव हातातून निसटला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका "कुणी पडलं का?" म्हणून वर आले. दुसरा बाइंडरने दुकानात नेला आणि पुठ्ठ्यांवर वजन म्हणून ठेवला. तिसरा जमला. म्हणजे सुरी आत गेली. बाहेर आली नाही, ही गोष्ट वेगळी.

बाइंडरने सगळं गोड मानून घेतलं. दोन महिने निष्ठेने चावलं. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर रिपोर्ट जसाच्या तसा.

"कुठून तरी गहू जातोय," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुन्हा चष्मा काढला.

बायकोने नवऱ्याच्या मानेकडे बघितलं.

"अहो, खरं सांगा. कुठे खाल्लंत?" जिन्यातच तिने विचारलं.

"अगं, शपथेवर सांगतो..."

"तिकीट न काढलेला प्रत्येक माणूस शपथच घेतो."

त्या दिवसापासून चौकशी सुरू झाली. सदऱ्याचे खिसे उलटे झाले, मिशीचा वास घेतला गेला. एकदा खिशात काहीतरी पांढरं सापडलं, ते तिने डबीत घालून सासरी असलेल्या मुलीला दाखवायला नेलं. "आई, हा दोरा आहे गं," मुलगी म्हणाली. मग बायकोने कोपऱ्यावरच्या बेकरीत नवऱ्याचा फोटो दिला, 'यांना काही देऊ नये' असं बजावून. बेकरीवाला सज्जन. त्याने फोटो चौकटीत घालून पावांच्या फळीवर टांगला. गिऱ्हाइकं हळहळून विचारू लागली, "कधी गेले?"

शेवटी तिने सांगून टाकलं. "पुढचा रिपोर्टही असाच आला तर मी मुलीकडे राहायला जाते. पोट बिघडलेल्या माणसाबरोबर मी जन्म काढीन, खोटारड्याबरोबर एक दिवस नाही."

हे मात्र बाइंडरला लागलं. बायकोशी तो आजवर एकदाही खोटं बोलला नव्हता. तशी हिंमतच झाली नव्हती, पण म्हणून पुण्य कमी होत नाही.

"असं कर," तो म्हणाला. "एक दिवस रजा टाक आणि दुकानात येऊन बस. बघ माझ्याकडे दिवसभर."

ती गणवेशातच आली. खिशात शिट्टी. शिवणयंत्राशेजारी स्टूल ओढून बसली आणि डोळ्याची पापणी न लववता बघू लागली. तेवढ्यात एक प्राध्यापक जाडजूड प्रबंध बांधायला घेऊन आले. बाइंडरने नेहमीप्रमाणे पातेलं शेगडीवर ठेवलं, पांढऱ्या पिठात पाणी घातलं आणि कागद चिकटवायची खळ शिजवायला लागला. ढवळता ढवळता त्याने बोटावर थोडी खळ घेतली, निववली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"अजून दोन मिनिटं," तो म्हणाला.

शिट्टी वाजली. प्राध्यापकांनी दोन्ही हात वर केले.

"तोंडात काय घातलंत?"

"कुठे काय? खळ बघितली."

"कशाची आहे ती?"

"कशाची म्हणजे? मैद्या..." बाइंडरचं तोंड उघडंच राहिलं.

"रोज किती वेळा बघता?"

"दर पातेल्याला तीनदा. शिवाय ब्रशवर घेतली की एकदा. वडिलांनीच शिकवलंय, खळ डोळ्यांना फसवते, जिभेला नाही."

"मग वहीत का नाही लिहिलंत?"

"अगं, वहीत खाल्लेलं लिहायचं होतं. हे काम आहे!"

बायकोने त्याच्या मानेकडे निरखून बघितलं. मान स्वच्छ होती. माणूस विनातिकीट होता खरा, पण आपण बसमध्ये चढलोय हेच त्याला ठाऊक नव्हतं. तीस वर्षांत अशी केस पहिलीच. ती इतकी हसली की हातातली शिट्टी पातेल्यात पडली.

"मी हात खाली घेऊ का?" प्राध्यापकांनी विचारलं.

मैदा दुकानातून त्याच दिवशी गेला. त्याच्या जागी घरातलं उरलेलं तांदळाचं पीठ आलं. ज्या पिठाचा पाव सुरी सोडत नव्हता, त्याची खळ कागद कशाला सोडतेय? प्राध्यापकांचा प्रबंध असा बांधला गेला की परीक्षकांना तो उघडता आला नाही, आणि प्राध्यापकांना पदवी मिळाली.

पुढचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवरच ठेवला. बेकरीतला फोटो मात्र अजून तिथेच आहे. बेकरीवाला म्हणतो, काढला तर गिऱ्हाइकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं.

दुकानात काहीही तोंडात घालायचं नाही, असा बायकोचा सक्त हुकूम आहे. मग खळ बघणार कोण? ती कामावर जाण्याआधी रोज पाच मिनिटं दुकानात थांबते. बाइंडर पातेलं पुढे करतो, ती बोट बुडवते, जिभेवर ठेवते, डोळे मिटते. तो श्वास रोखून उभा असतो.

"बरी झालीय," ती म्हणते. "पण मीठ कमी आहे."