रक्ताच्या प्लेटा

लताबाईंनी प्लेट खिडकीशी नेली, तिरकी धरली, पुन्हा सरळ केली. लाल, गुळगुळीत, कोरी. आदल्या दिवशी सुलाबाईच्या पायातला पू त्यांनी स्वतः त्या प्लेटवर लावला होता, रात्रभर ती इन्क्युबेटरच्या उबेत होती, आणि तरी तिच्यावर मोहरीएवढा ठिपकासुद्धा उगवलेला नव्हता.

"गेलात कुठे रे मेल्यांनो?" त्या जंतूंना म्हणाल्या.

जंतूंशी बोलायची त्यांना सवयच होती. माणसांशी बोलताना त्यांचा आवाज लगेच चढायचा आणि मग मागाहून वाईट वाटत राहायचं. जंतूंना झापलं तर कुणाला लागत नाही. पण आज त्या नुसत्या चिडलेल्या नव्हत्या, धास्तावल्या होत्या. तोच पू काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा द्राक्षांच्या घडासारखे झुपकेच्या झुपके दिसले होते. पट्टीवर इतके दिसतात आणि प्लेटवर एकही वाढत नाही, हे कसं? शिवाय हे पहिल्यांदा घडत नव्हतं; गेले काही महिने कोऱ्या प्लेटा वाढल्याच होत्या. सुलाबाईचा आधीचा रिपोर्टही 'वाढ नाही' असाच गेला होता. तो वाचून मोठे डॉक्टर म्हणाले होते, छान, औषध लागू पडतंय, चालू ठेवा. औषध तेच चालू राहिलं आणि पाय घोट्याच्या वर सुजत गेला.

सुलाबाई मखमलाबादकडची, फुलं पिकवून बाजारात विकणारी. झेंडूच्या वाफ्यात खुरपं पायात शिरलं, एवढंच निमित्त. वॉर्डात ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "माझं जंतू उगवलं का वो?" जणू तेही तिनेच लावलेलं रोप.

"भिमाजी!" लताबाई ओरडल्या. "या प्लेटा कशाने धुतल्यास?"

भिमाजी दारात येऊन थांबला. हल्ली तो दारातच थांबायचा.

"सोड्यानं, बाई. नेहमीसारख्या."

"सोडा राहिला असणार काचेला. मग काय उगवणार डोंबल? लक्ष कुठे असतं तुझं?"

"परत धुतो," तो म्हणाला आणि प्लेटांची चळत उचलून गेला. एरवी त्याने चार गोष्टी उलट ऐकवल्या असत्या. लताबाईंना ते जाणवलं, पण रागाच्या भरात त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

भिमाजी लॅबचा हरकाम्या. बाटल्या-प्लेटा धुणं, क्षयाच्या पेशंटांच्या थुंकीच्या बाटल्या उकळणं, स्टोव्हवर ऑटोक्लेव्ह चढवणं, ही सगळी कामं त्याची. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचाच थोरला भाऊ. वापरून झालेल्या प्लेटा त्यात घालायच्या आणि वाफेच्या दाबाने जंतू मारून टाकायचे. कित्येक वर्षं रोजंदारीवर काढल्यावर आता कुठे इस्पितळाच्या ट्रस्टने त्याला कायम करायचं ठरवलं होतं. एक्याऐंशीचा मार्च सरला की ऑर्डर निघणार होती. मोठ्या डॉक्टरांनी तब्येत तपासून सही केली की झालं. बायकोने तर नांदगावला माहेरी कळवूनही टाकलं होतं.

आणखी एक काम त्याचं होतं, पण ते कुणी नेमून दिलेलं नव्हतं. जंतूंना पोसायला रक्त लागतं. आगर, म्हणजे जंतू वाढवायचं जेलीसारखं मीडियम, वितळवायचं, हाताला सोसेल इतपत निवलं की त्यात ताजं रक्त मिसळायचं आणि प्लेटा ओतायच्या. मोठ्या प्रयोगशाळा त्यासाठी मेंढ्या पाळतात. इथे कुठली आली मेंढी? एकदा नड होती म्हणून भिमाजीने बाही वर केली, ती कायमचीच. लताबाई सुई लावायच्या, रक्त फ्लास्कमध्ये सोडायच्या, आणि तो टोचलेला हात दुमडून, दुसऱ्या हाताने काचेचे मणी घातलेला तो फ्लास्क हलवत बसायचा, रक्त गोठू नये म्हणून. याचा त्याला केवढा अभिमान! वॉर्डबॉय, नर्सा, पेशंटांचे नातेवाईक, फाटकावरचा चहावाला, सगळ्यांना त्याने सांगून ठेवलं होतं, "अख्ख्या दवाखान्याचे जंतू माझ्या रक्तावर पोसतात." आणि लताबाईंना म्हणायचा, "जंतू लय चांगले बघा, बाई. इटाळ पाळत नाहीत."

म्हणूनच तर त्या कपाचं लताबाईंना एवढं लागलं होतं. दिवाळीनंतर भिमाजी घरून स्वतःचा कप आणू लागला. इनॅमलचा, पांढरा, कडेला टवका उडालेला. त्यात चहा घ्यायचा, बाहेर व्हरांड्यात जाऊन प्यायचा, स्वतः धुवायचा आणि खिडकीत पालथा घालायचा. लताबाईंनी आधी नर्सांना फैलावर घेतलं. "कोण काय बोललं त्याला? या लॅबमध्ये असले धंदे चालणार नाहीत, सांगून ठेवते!" कुणीच काही बोललं नव्हतं. मग एके दिवशी सगळ्यांच्या देखत त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा प्यायला आणि उरलेला त्याच्यापुढे केला. "पी. माझ्यासमोर पी." भिमाजीने कप हातात घेतला, त्याचं तोंड कसनुसं झालं, आणि कप तसाच खाली ठेवून तो निघून गेला. इतकी वर्षं एकत्र काम करूनही हा आपल्याला 'त्यांच्यातलीच', शिवाशिव पाळणाऱ्यांतली, समजतो, याचं लताबाईंना त्या दिवशी घरी जाऊन रडू आलं होतं.

धुतलेल्या प्लेटा घेऊन तो परत आला तेव्हा स्वतःच म्हणाला, "बाई, नवीन रक्त घ्या. आधीचं बिघडलं असंल."

लताबाईंनी रबरी नळी बांधली. दंड हाताला बारीक लागला.

"जेवतोस की नाही रे?"

"जेवतो की. थंडीनं जरा खोकला हाय."

नव्या रक्ताच्या प्लेटा ओतल्या, सुलाबाईचा पू पुन्हा लावला. जाता जाता, काही सुचलं म्हणून, एका साध्या बिनरक्ताच्या प्लेटेवरही त्यांनी थोडा पू फासला. दुसऱ्या दिवशी लाल प्लेटा पुन्हा कोऱ्या होत्या, आणि त्या साध्या प्लेटेवर सोनेरी ठिपक्यांची नुसती गर्दी झाली होती.

म्हणजे काचेत खोट नव्हती, सोड्यात नव्हती, उबेत नव्हती. रक्तात होती.

लताबाईंनी ते सोनेरी जंतू एका नव्या साध्या प्लेटेवर सगळीकडे सारखे पसरवले. दोन बाजूंना दोन छोटी भोकं पाडली. एकात भिमाजीचं उरलेलं रक्त घातलं, दुसऱ्यात बोट टोचून स्वतःचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्लेट उघडली. त्यांच्या स्वतःच्या रक्ताला जंतू अगदी कडेपर्यंत खेटून वाढले होते. भिमाजीच्या रक्ताभोवती एक स्वच्छ गोल होता, एकही जंतू नसलेला. तो गोल त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. कुठल्या औषधाने जंतू मरतात हे पाहायला औषधाच्या चकत्या ठेवतात, त्यांच्याभोवती तो पडतो.

त्या स्टुलावर बसल्या. समोर खिडकीत तो इनॅमलचा कप पालथा घातलेला होता. कप, व्हरांडा, दारात उभं राहणं, बारीक झालेला दंड, सगळं एकदमच त्यांना दिसलं.

"भिमाजी, आत ये. दार लाव." त्यांनी प्लेट त्याच्यापुढे सरकवली. "कुठलं इंजेक्शन घेतोस?"

भिमाजीने गोल पाहिला. असल्या गोलांच्या शेकड्यांनी प्लेटा त्याने धुतल्या होत्या.

"स्ट्रेप्टो," तो शेवटी म्हणाला. "देवळालीत एक कंपाउंडर हाय. ड्यूटीवर यायच्या आधी टोचून घेतो. दिवाळीत खोकल्यातनं रक्त पडलं, बाई. इथं क्षयाचं कार्ड काढलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

"आणि तरी मला रक्त देत राहिलास?"

"नाय म्हणलो असतो तर तुम्ही इचारलं असतं, का म्हणून." त्याचा आवाज खाली गेला. "मला वाटलं, ते औषध क्षयाच्या जंतूपुरतं. ह्या दुसऱ्या जंतूंवर चालतं, हे मला काय म्हाईत."

लताबाईंच्या तोंडावर आलं होतं, अरे, त्या बाईचा पाय सडतोय तिकडे! पण आवाज चढला नाही. थुंकीच्या बाटल्या आठवल्या. इतकी वर्षं त्या कुणी उकळल्या? हे दुखणं तो आणखी कुठून आणणार होता?

"आणि तो कप..."

"मग काय तुमच्या कपात पिऊन तुम्हाला देऊ?"

लताबाईंनी पदराने डोळे पुसले. त्याला तिथल्या तिथे थुंकी द्यायला लावली आणि स्वतः तपासली. पट्टी इकडून तिकडे, तिकडून इकडे, डोळे दुखेपर्यंत पाहिली. क्षयाचा एकही जंतू सापडला नाही. औषध लागू पडलं होतं. आता त्याच्यापासून कुणालाही धोका नव्हता.

"मार्च सरेस्तोवर कुणाला बोलू नका, बाई," भिमाजी म्हणाला. "एकदा सही झाली की मी आपणहून सांगतो."

"माझ्या तोंडून तुझं नाव निघणार नाही. झालं?"

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्वतःची बाही वर केली. रबरी नळी भिमाजीने बांधली. सुई त्यांनी स्वतःच लावली आणि फ्लास्क भिमाजीने हलवला. त्या रक्ताच्या प्लेटांवर सुलाबाईचे जंतू भरभरून उगवले. चालू असलेल्या औषधाला ते दाद देत नव्हते. दुसऱ्या एका औषधाभोवती मात्र चांगला मोठा गोल पडला. लताबाई रिपोर्ट घेऊन जवळजवळ पळतच वॉर्डात गेल्या.

मोठे डॉक्टर सुलाबाईच्या खाटेशीच उभे होते. पायाची पट्टी सोडलेली होती. दोन बोटं काळी पडली होती.

"हे औषध तातडीने बदला, डॉक्टर. आणि आधीचे माझे 'वाढ नाही'चे सगळे रिपोर्ट रद्द समजा. ज्यांचे ज्यांचे गेलेत, त्यांचे मी पुन्हा लावते."

डॉक्टरांनी कागद वाचला. "मग इतके दिवस का नाही उगवलं?"

"मीडियममध्ये दोष होता."

"मीडियमला काय होतं? तेच तर वर्षानुवर्षं वापरता." डॉक्टरांचा आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू जात होता. "स्पष्ट बोला ना, हात बिघडलाय तुमचा. आज उगवलंय ते तरी हिच्या पायातलं कशावरून? तुमच्याच घाणेरड्या हातातून पडलं असेल."

घाणेरडा हात! ज्या हाताच्या जोरावर लताबाई आजवर जगल्या, तो हात!

"माझ्या हाताला नावं ठेवायची नाहीत!" त्या कडाडल्या. "माझ्या हातात काही दोष नव्हता. रक्तात औषध होतं!"

बोलून गेल्या आणि थांबल्या. नाव घेतलं नव्हतं. नाव त्यांनी अजिबात घेतलं नव्हतं.

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. "कसलं औषध? रक्त कुणाचं असतं ते?"

नर्सने मान खाली घातली. वॉर्डबॉयने ढकलगाडी पुढे काढली. आपल्यासाठी बाई एवढी बोलणी खातायत, हे पाहून सुलाबाईला राहवलं नाही. ती कोपरावर उठून मोठ्या उत्साहाने म्हणाली, "भिमाजीचं वो, डाक्टर! त्यानंच सांगितलं मला. त्याच्याच रक्तावर उगवतंय म्हणला माझं."

सुलाबाईची दोन बोटं गेली, पाय वाचला. भिमाजीला संध्याकाळच्या आत ऑफिसात बोलावणं आलं आणि क्षयाचं सगळं कबूल करावं लागलं. लताबाई थुंकीची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे गेल्या, हातापाया पडल्या, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून एकदा बघा तरी म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, लपवलं त्याने. असल्या माणसाला मी फिट म्हणून सही देऊ? उद्यापासून येऊ नको म्हणावं, आणि त्याचं जे काय असेल ते फेकून द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिमाजी आला तो घरच्या कपड्यांत. दारातच उभा राहिला.

"माझा कप, बाई?"

लताबाईंनी ऑटोक्लेव्हकडे बोट केलं. आज स्टोव्ह त्यांनी स्वतःच पेटवला होता. आत त्या सगळ्या कोऱ्या लाल प्लेटा होत्या, आणि त्यांच्यावर तो कप.

"फेकून द्या म्हणत होते. मी आत घातला. आता कुणी नाक मुरडायला नको." मग त्यांना राहवेना. "भिमाजी, मी नाव नाही रे घेतलं. जळ्ळी मेली माझी जीभ, रक्त एवढंच म्हणाले."

"ठाऊक हाय मला," भिमाजी म्हणाला. "तुम्ही कशाला घ्याल? ते नाव मीच गावभर करून ठेवलं होतं."

तो आत आला. सवयीने वाकून त्याने हवा सोडून स्टोव्ह विझवला आणि दाबाच्या काट्याकडे पाहिलं.

"दाब उतरेस्तोवर झाकण उघडता यायचं नाय. वेळ लागंल."

"लागू दे. बस."

भिमाजीने आधी खिडकी सताड उघडली, मग स्टूल तिच्याजवळ ओढून तो बसला. रक्त देण्यापुरतं सोडलं, तर दिवाळीपासून लॅबमध्ये तो पहिल्यांदाच बसत होता. लताबाई समोर बसल्या. वाफ सुसू करत होती, काटा हळूहळू खाली येत होता, आणि दोघंही त्याच्याकडे बघत होते.

काटा शून्यावर आला, तरी दोघांपैकी कुणीच उठलं नाही.